निगेटिव्हवरची पेन्सिल

दुपारी जेवून मी स्टुडिओतल्या टेबलावर डोकं टेकवलं आहे. डोळ्यांसमोर माझ्या भाचीची, रेवतीची निगेटिव्ह. स्थळाकडे फोटो पाठवायचा आहे. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. चेहऱ्यावर शिसपेन्सिल फिरवली की कागदावर माणूस गोरा उमटतो. माझा त्यात हात धरणारा गावात कोणी नाही. निम्मा चेहरा झालाय. डोळे मिटतात.

समोरच्या स्टुलावर शालन बसली आहे. माझी धाकटी बहीण, रेवतीची आई. तिच्या केसांतून पाणी ठिबकतंय आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

"दादा, माझा रंग कुठला रे?"

"सावळा."

"सावळं देवाला म्हणतात. मला काय म्हणायचात घरात?"

'काळे, पाणी आण' ही हाक मीच लावली होती, म्हणे लाडानं.

स्टुडिओचा पडदा आता अंतरपाट झालाय. मंगलाष्टकं संपतात, पडदा खाली येतो. मस्कतहून नुसत्या फोटोवर पसंती कळवलेला नवरदेव तिच्याकडे बघतो आणि विचारतो, "फोटोतली कुठंय?" मांडव हसतो. मीही हसतो. त्या हसण्यानं मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तोच प्रश्न तिनं चार वर्षं सासरी ऐकला आणि मग विहीर जवळ केली. रेवती तेव्हा दोन वर्षांची होती.

मांडवात घोट्यापर्यंत पाणी चढलंय. शालन टेबलावरची निगेटिव्ह उचलते.

"हिलाही गोरी करतोयस?"

मी समजावू बघतो, की पोरीचं कुठंतरी जमायला हवं, काळी म्हटलं की लोक दारातूनच परत फिरतात.

"फिरू देत. तेव्हा फिरले असते, तर मी असते."

ती माझा अंगठा धरते, आपल्या ओल्या केसांत बुडवते आणि निगेटिव्हवर घासायला लावते. तिचा हात थंडगार आहे.

मी दचकून उठतो. निगेटिव्ह स्वच्छ पुसलेली आहे. पेन्सिल पुसायची टर्पेंटाइनची बाटली कपाटात आहे, बूचही निघालेलं नाही. माझा अंगठा मात्र शिशानं काळाभोर झालाय.

दारात रेवती उभी आहे. आईचा तिनं पाहिलाय तो फक्त भिंतीवरचा, तेव्हा स्थळासाठी मी केलेला तोच फोटो.

"मामा, आईसारखी गोरी आलेय ना मी?"

मी अंगठा तिच्यापुढे धरतो.

"तुझी आई काळी होती," मी म्हणतो. "गोरी मी केली तिला."