वाफबाईचे कान

इस्पितळाच्या तळमजल्यावर, जिन्यामागे एक खोली होती. तिथे ना रुग्ण फिरकत, ना त्यांचे नातेवाईक. वरच्या मजल्यांवर वापरलेले चिमटे, कात्र्या, वाट्या खाली यायच्या, घासून धुतल्या जायच्या, पाकिटांत बंद व्हायच्या आणि मोठ्या पोलादी यंत्रात वाफेखाली तापून पुन्हा वर जायच्या. या खोलीत जिने एकतीस वर्षं काढली, तिला अख्खं इस्पितळ पाठीमागे वाफबाई म्हणायचं. तोंडावर मात्र मावशी. तोंडावर वाफबाई म्हणायची छाती एकट्या मेट्रनबाईंची.

स्वच्छतेच्या बाबतीत वाफबाई बापालाही सोडायची नाही. एकदा एका बड्या सर्जनने घाईघाईत खाली येऊन अजून ओलसर असलेलं पाकीट उचललं. हिने ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. म्हणाली, "ओलं पाकीट म्हणजे उघडं पाकीट, साहेब. दहा मिनिटं थांबा, नाहीतर चिमट्याऐवजी बोटं वापरा." साहेब दहा मिनिटं थांबले. वर जाऊन तक्रार केली, तेव्हा मेट्रनबाई म्हणाल्या, "मीसुद्धा थांबते हो."

त्या खोलीत अंगावर दागिना चालत नसे आणि टोपी कानांवरून खाली ओढून घ्यावी लागे. त्यामुळे एकतीस वर्षांत वाफबाईचे कान कोणी पाहिलेच नव्हते. निवृत्तीच्या दिवशी खोलीतल्या सगळ्या जणींनी मिळून तिच्या हातात एक लहानशी डबी ठेवली. आत सोन्याचे टॉप्स होते. एकेक पांढरा खडा, मागे बारीक फिरकी.

"घाला ना मावशी, आत्ताच घाला!"

"घरी जाऊन घालते. हात ओले आहेत माझे," वाफबाई म्हणाली. हात ठणठणीत कोरडे होते.

गोष्ट अशी होती की वाफबाईचा उजवा कान टोचलेलाच नव्हता. डावा टोचला होता, तोही सातव्या वर्षी. आईने सोनाराकडे नेलं, सोनाराने डाव्या पाळीत तार घातली, आणि तो उजवीकडे वळायच्या आत पोरीने त्याच्या मनगटाचा असा कडकडून चावा घेतला की त्याच्या हातातली तार उडून पडली. पोरगी जी पळाली ती थेट घरी, पलंगाखाली. आई म्हणाली, "राहू दे. हौस वाटली की आपण होऊन येशील." हौस वाटण्याआधी लाज वाटायला लागली. शाळेत मुली ‘एककानी’ म्हणायच्या. तिने डाव्या कानातली तार काढून टाकली आणि केस कानांवरून बांधायला सुरुवात केली. लग्नात दाबाची कर्णफुलं घातली. दिवसभरात त्यांनी इतका चिमटा काढला की संध्याकाळपर्यंत कान टोमॅटोसारखे लाल. पुढे नोकरी लागली आणि टोपीने झाकलं ते झाकलंच.

हे घरात एकट्या नवऱ्याला ठाऊक होतं. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. घराच्याच पुढच्या खोलीत त्याचं टेबल होतं, त्यावर दिवा, भिंग आणि बशांमध्ये काढून ठेवलेली चाकं. डबी पाहून त्याने भिंग डोळ्यावरून वर सरकवलं.

"आता काय करणार?"

"काय करणार म्हणजे? कपाटात ठेवणार."

"आणि उद्या त्यांच्यातल्या कोणाच्या लग्नाला गेलीस, तर?"

"हात ओले आहेत म्हणेन."

नवरा हसला नाही. म्हणाला, "अगं, त्यांनी मनापासून दिलंय. आणि तुलाही आवडलेत. मघापासून तिसऱ्यांदा डबी उघडलीस."

वाफबाईने डबी बंद केली. पण वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी तिच्या डोक्यात कान टोचण्याने घर केलं ते केलंच.

पहिल्या दुकानात विक्रेत्याने काउंटरखालून एक पिस्तुलासारखं यंत्र काढलं. "एका सेकंदाचं काम, मावशी. टक् आणि झालं."

"हे कशात निर्जंतुक करता?"

"स्पिरिटने पुसतो ना."

"वाफेत घालता येतं का?"

"छे! प्लास्टिक आहे, वितळेल."

"मग माझ्या आधी ज्याला टोचलं त्याचं रक्त ह्याच्या फटीत नाही हे कशावरून?"

विक्रेत्याने मालकाकडे पाहिलं, मालकाने पंख्याकडे. वाफबाई बाहेर पडली. दुसऱ्या दुकानात तेच. तिसऱ्यात तर टोचणाऱ्याने आधी नाक खाजवलं आणि मग खोकं उघडलं. ती खुर्चीवर बसलीसुद्धा नाही.

चौथी जागा एका शिंप्याच्या दुकानावरच्या मजल्यावर होती. लहान खोली, पांढऱ्या टाइल्स, एक टेकून बसायची खुर्ची आणि विशी-पंचविशीची एक मुलगी. दंडावर माशाचं गोंदण, कानात सात-आठ बाळ्या. वाफबाईच्या मनात आलं, ही काय मला सांगणार. पण मुलीने आधी कोपरापर्यंत हात धुतले, मग हातमोजे चढवले आणि खणातून एक बंद पाकीट काढून तिच्यापुढे धरलं. पाकिटात पोकळ सुई होती. कोपऱ्यावरचा गुलाबी ठिपका तपकिरी झालेला होता, म्हणजे वाफ नीट लागलेली. वाफबाईने पाकीट हातात घेऊन चारी कडा तपासल्या.

"शिवण बरी आहे," ती म्हणाली.

"पास झाले का मी, काकू?" मुलीने विचारलं.

"बघू."

वाफबाईने डबी पुढे केली. मुलगी म्हणाली, "हे आत्ता नाही घालायचे. पाळी सुजते, आणि यांची दांडी आखूड आहे. रुतून बसेल. पहिले दोन महिने मी देते ते लांब दांडीचे खडे घाला." मग तिने डाव्या पाळीवर बोट ठेवलं. जुन्या भोकाच्या जागी आता तिळाएवढी गाठ होती. ते कधीच बुजलं होतं आणि फार खालीही होतं. मुलीने त्याच्या वर शाईने ठिपका काढला, उजवीकडे जोडीचा काढला, आरसा दाखवला. वाफबाईने मान हलवली. मुलीने सुई उचलली.

आणि वाफबाई खुर्चीतून उठली.

रक्त, पू, कापलेलं मांस यांनी भरलेली अवजारं जिने रोज हाताळली, ती एका सुईला भ्यायली. तिला स्वतःलाच ते पटेना. तळपायाला घाम सुटला होता, अगदी सातव्या वर्षी सुटला होता तसा.

"मी जरा... बाहेर..."

"या ना. घाई कोणाला आहे?" मुलगी म्हणाली. तिने ती सुई बाजूच्या डब्यात टाकून दिली. वाफबाईने ते पाहिलं.

"ती का टाकलीस? वापरली कुठे?"

"उघडली ना. तुम्ही परत आलात की नवीन उघडेन."

वाफबाई जिन्यावर जाऊन बसली. खालून शिलाई मशीनचा खडखडाट येत होता. तिने जिन्याच्या पायऱ्या मोजल्या, मग उलट्या मोजल्या. जी पोरगी न वापरलेली सुई टाकून देते, तिच्या हाताला घाबरण्यासारखं काय आहे, असं तिने मनाला बजावलं. दहा मिनिटांनी आत येऊन ती धाडकन खुर्चीत बसली. "आधी उजवा कर. तो राहिलाय."

"श्वास घ्या. सोडा."

एक तीक्ष्ण चटका, मग गरम गरम काहीतरी. एवढंच. डावा झाला तेव्हा वाफबाई म्हणाली, "यासाठी मी पन्नास वर्षं केस कानांवर ओढले?" आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलीने कागदी रुमाल दिला.

निघताना मुलीने बजावलं: दिवसातून दोनदा सलाइनच्या पाण्याने धुवायचं, कागदाने टिपायचं. फिरवायचं नाही, हलवायचं नाही, खपली नखाने काढायची नाही. तेल नाही, मलम नाही, स्पिरिट नाही. कुशीवर झोपायचं नाही. हात न धुता बोट लावायचं नाही.

"मला सांगतेस?" वाफबाई म्हणाली.

घरी तिने कानांसाठी वेगळी वाटी काढली, उशीचे अभ्रे रोज बदलायला सुरुवात केली, आणि नवऱ्याने कौतुकाने कानाजवळ हात नेला तर "हात धुतलेस का?" म्हणून फटकारलं. मोठी बहीण दुसऱ्या गावी होती, तिच्याशी दुपारी तास-तासभर फोनवर बोलणं व्हायचं. बहिणीचे सल्ले सुरूच असत.

"अगं, तेल कोमट करून सोड. आणि मळसूत्रासारखं फिरव सकाळ-संध्याकाळ, नाहीतर चिकटून बसेल."

"ताई, तुझ्या त्या तेलानेच अर्ध्या जगाचे कान पिकलेत. जखम फिरवली की पुन्हा फाटते."

"कानामागून आली आणि तिखट झाली! मी नातीचे कान सांभाळलेत."

"मी इस्पितळ सांभाळलंय."

यावर ताई दुसरा विषय काढायची, आणि तास कसा जायचा ते कळायचं नाही.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी उजवी पाळी ठणकायला लागली. संध्याकाळी लाल झाली, दुसऱ्या दिवशी तापली, तिसऱ्या दिवशी खड्याच्या कडेने पिवळा पू आला. डावा कान मात्र अगदी शहाण्यासारखा भरून येत होता. वाफबाईने कोणाला सांगितलं नाही. केस पुन्हा कानांवर ओढले. पण घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या नजरेतून काय सुटतंय?

"डॉक्टरकडे चल."

"आधी त्या पोरीकडे जाते. तिच्या सुईतच खोट असणार. दिसतं तसं नसतं."

ती तणतणतच जिना चढली. मुलीने तिचं सगळं ऐकून घेतलं, हात धुतले, दिवा जवळ ओढला.

"दोन्ही सुया एकाच वेळी वाफेतून निघालेल्या होत्या, काकू. डावा छान आहे. म्हणजे उजव्याला काहीतरी लागतंय. उशी?"

"अभ्रा रोज बदलते."

"टॉवेल?"

"कागदाने टिपते. मी काही अडाणी नाही."

"फोन कोणत्या कानाला लावता?"

वाफबाईने पर्सकडे पाहिलं. फोन पर्समध्ये होता. तो भाजीच्या पिशवीत पडायचा, ओट्यावर असायचा, नवऱ्याच्या तेलकट टेबलावर असायचा. रोज दुपारी तासभर तो उजव्या कानावर दाबलेला असायचा. घेतल्यापासून तो एकदाही पुसला नव्हता. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चिमट्यांवरचा डाग शोधला, आणि स्वतःच्या कानावर रोज सगळ्या घराची घाण चोळली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"काढून टाक तो खडा," ती हळू आवाजात म्हणाली.

"नाही. आत्ता काढला तर भोक मिटेल आणि पू आत राहील. आजच्या आज डॉक्टरांना दाखवा, गोळ्या लागतील. आणि फोन डाव्यालाही नको, समोर धरून बोला." मग मुलीने जरा दटावूनच म्हटलं, "तीन दिवस थांबलात कशाला? सुजल्याबरोबर यायचं ना."

वाफबाईने मान खाली घातली. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात. इथे दोन्ही अर्थांनी टोचून झाले होते.

डॉक्टर म्हणजे तिचं जुनं इस्पितळच. तोंडावर पदर घेऊन शिरली, तरी दारावरच्या रखवालदाराने ओळखलं. बाह्यरुग्ण विभागातल्या तरुण डॉक्टरने कान पाहिला, पाच दिवसांच्या गोळ्या लिहिल्या. ती चिठ्ठी घडी करते तोवर बातमी तळमजल्यावर पोचली होती. जिन्यामागच्या खोलीतल्या तिघी टोप्यांसकट वर आल्या आणि मागून मेट्रनबाई.

"मावशी, तुमचे कान टोचलेलेच नव्हते?" एकीने विचारलं. "मग आम्हाला तेव्हाच सांगायचं! दुसरं काही आणलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं," वाफबाई म्हणाली. "मला हेच हवे होते."

मग मेट्रनबाईंनी कान पिकल्याचं कारण विचारलं, आणि वाफबाईने फोनचं सगळं सांगून टाकलं, काही न लपवता. तिघी तोंड दाबून हसायला लागल्या. मेट्रनबाई हसल्या नाहीत. त्यांनी खिशातून स्वतःचा फोन काढला, खालीवर पाहिला आणि म्हणाल्या, "वाफबाई, खरं सांगू? माझाही." मग मात्र सगळ्यांनाच हसू आवरेना, वाफबाईलाही.

गोळ्यांनी आठवड्यात पू थांबला. भरून यायला मात्र दोनाचे तीन महिने लागले. त्या काळात ताईशी बोलणं फोन टेबलावर ठेवून, आवाज मोठा करून व्हायचं, आणि घड्याळाच्या गिऱ्हाइकांना दोन्ही बहिणींच्या घरातल्या सगळ्या भानगडी कळायच्या. मुलीने तपासून होकार दिला त्या दिवशी टॉप्स बाहेर निघाले. फिरकी इतकी बारीक, की वाफबाईच्या बोटांना सापडेना. नवऱ्याने तिला टेबलाशी बसवलं, दिवा वळवला, न सांगता हात धुऊन आला आणि चिमट्यात फिरकी धरून दोन्हीकडे बसवली.

उजव्या पाळीत अजूनही एक कडक गाठ हाताला लागते. त्या बाजूचा खडा किंचित खाली कललेला दिसतो. मुलगी म्हणाली, हवं तर वर्षाने नीट करून देते. वाफबाईने दोन्ही कानांना हात लावून, नको म्हणून सांगितलं.

ती आता शनिवारी शिंप्याच्या दुकानावरच्या त्या खोलीत जाते. मुलगी पाकिटं तिच्या लहानशा वाफेच्या यंत्रात फार दाटीवाटीने भरते, हे तिने दुसऱ्याच भेटीत हेरलं होतं. वाफबाई ती पाकिटं काढते, मधे बोटभर जागा सोडून पुन्हा लावते. केस मागे घट्ट बांधलेले असतात.