मावशींचा लोहचुंबक

आमच्या शेजारच्या मावशींच्या पिशवीत पानसुपारीबरोबर एक लोहचुंबक असतो. त्या लांबून येताना दिसल्या तरी शाहूपुरीतल्या भांडीवाल्यांना घाम फुटतो. कुणी आरशासारखं चकाकणारं पातेलं पुढं केलं की म्हणतात, "चमक काय, घासून बी येती." मग पातेलं पालथं घालून चुंबक लावतात. चिकटला, तर अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं ओरडतात, "हलकं स्टील हाय ह्ये!" खोटं बोलणं त्यांना जमतच नाही.

माझ्या लग्नात रुखवत बघताना आतेसासूबाईंनी मुद्दाम त्यांनाच पुढं घातलं. "लावा की चुंबक." बाबांनी भारीतलं म्हणून आणलेलं मोठं पातेलं मावशींनी पालथं घातलं. चुंबक टक्कन चिकटला. बाबा शेजारीच हात जोडून उभे होते.

मावशींनी त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि नेहमीच्याच आवाजात ओरडल्या, "चिकटलाय! आता पोरीला इंडक्शनची शेगडी घ्या. चुंबक न चिकटणारं भांडं तिच्यावर तापत न्हाय. ह्ये झकास तापंल!"

त्यात एक शब्दही खोटा नव्हता. बाबांनी तर ती शेगडी कधी बघितलीही नव्हती.

सासूबाईंनी ती खरंच आणली. त्या पातेल्यात आमचा अजून चहा होतो. मावशी चहाला आल्या आणि ओट्याशी आम्ही दोघीच असलो की त्या पातेल्यावर बोट वाजवतात.

"हलकंच हाय गं ह्ये."

"व्हय, मावशी," मी म्हणते आणि त्यांचा कप पुन्हा भरते.