चांदीचा उजवा पाय

माझ्या धाकट्या मामांइतका परक्या पोरात जीव अडकवून बसलेला माणूस उभ्या बीड जिल्ह्यात सापडायचा नाही. आणि ते पोर पाटोद्याचं की कड्याचं म्हणाल, तर आयर्लंडचं. चौसाळ्यात मामांचं कापडाचं दुकान. घरोघर परदेशी चॅनेलं नुकतीच दिसू लागली होती आणि शनिवारी संध्याकाळी मामा आलेलं गिऱ्हाईक परतवून टीव्हीपुढे बसत. तिथे दांडगी माणसं एका लांबट चेंडूसाठी चिखलात एकमेकांच्या अंगावर पडत असत. याला रग्बी म्हणतात, असं मी सांगितलं तर म्हणाले, "नाव काय का असंना, चिखलातली कबड्डी हाय ती." त्या गर्दीतला लाल केसांचा एक गडी त्यांनी हेरला आणि मनोमन दत्तकच घेतला.

त्याला कारण होतं. मामा एकेकाळी पंचक्रोशीत गाजलेले कबड्डीपटू. एका सामन्यात उजवा गुडघा गेला आणि हातात काठी आली. "खेळानं पोट भरतंय का?" म्हणत आजोबांनी त्यांना दुकानाच्या गादीवर बसवलं, ते कायमचेच. त्यामुळे तिकडे रग्बीवाल्यांना आता पगार सुरू झालाय हे मी सांगितलं, तेव्हा मामांनी बाजारात पेढे वाटले आणि एक आजोबांच्या फोटोपुढे जरा जोरातच ठेवला. पुढे गडी इंग्लंडच्या क्लबात गेला. मी चिडवलं, "मामा, तुमचा गडी फितूर झाला." ते उसळलेच. "कावून फितूर? पोटासाठी गेला. आपले लोक न्हाई जात ऊस तोडायला? हंगाम सरला की येतंय माघारी." आणि तो खरंच मायदेशी परतला, तेव्हा मामांचा तोरा काही विचारू नका.

मग एका शनिवारी गडी खाली पडला तो उठलाच नाही. गुडघा धरून आमच्याकडे तोंड करून विव्हळत होता, आणि इकडे मामांनी स्वतःचा गुडघा धरला होता. आमच्याकडे ज्याचा जो अवयव दुखतो, तो चांदीचा करून देवाला वाहायचा नवस बोलतात. नवस फेडायचा तो गुण आल्यावर. पण मामा पडले दुकानदार, आगाऊ दिल्याशिवाय माल येत नाही हे त्यांच्या हाडात मुरलेलं. सोनाराकडून चांदीचा उजवा पाय घडवून त्यांनी टेकडीवरच्या महादेवाला वाहिला, मामीनं वर्षभर अबोला धरला तरी.

गडी काही मैदानात दिसेना. शेवटी एकदा टीव्हीवर त्याची मुलाखत लागली. कुबड्या शेजारी ठेवून तो डोळे पुसत होता. मामांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी सांगत गेलो, "खेळ सोडला म्हणतोय. डावा गुडघा परत धड झालाच नाही म्हणतोय."

"डावा?" मामांचा चेहरा पांढराफटक पडला. "आरं, आमी समोरून बघितलं. आपल्या उजव्या हाताला दिसला, म्हून सोनाराला उजवा सांगितला."

मला हसू फुटणार होतं, पण त्यांच्याकडे बघवेना. खरी आफत तर पुढेच होती. तो पाय वाहिल्यापासून मामांचा स्वतःचा उजवा गुडघा दुखायचा थांबला होता. काठी कधी सुटली ते त्यांनाही कळलं नव्हतं. आता कळलं, आणि त्या दिवसापासून मामा खचले. लोक म्हणत, तब्येत सुधारली हो तुमची, की मामा तोंड फिरवत. त्या लेकराच्या तोंडचा घास आपण खाल्ला, असं त्यांना वाटे, आणि त्यांची समजूत घालणं कुणाला जमलं नाही. मलाही नाही.

दर सोमवारी ते टेकडी चढू लागले. एकदा मी सोबत होतो. पिंडीपुढे हात जोडून ते मोठ्यानेच म्हणाले, "माझा वापस घे. मला गादीवर बसायला काय लागतंय? त्याला दे."

पायऱ्या उतरताना ते मधेच थांबले. उजवा गुडघा वाकवून पाहिला, पाय दाणकन आपटून पाहिला.

"न्हाई घेतला त्यानं," म्हणाले, आणि सरळ, न लंगडता, उतरू लागले.