डोमाजीची रशियन शिकवणी

चार माणसं रोज एका जागी जमली की किस्से साचतातच. आम्ही तर रशियन शिकायला जमायचो, तेही गोंदियात! मग काय विचारता! आजही एक सांगायला घेतला की त्याच्या मागून दुसरा निघतो.

शिकवणारा डोमाजी. दुसऱ्या महायुद्धात तो इराणात लॉरी चालवायचा, माल रशियनांच्या हवाली करायचा. तिथंच त्यानं भाषा उचलली. शिकणारे आम्ही तिघं. मी रेल्वेच्या पार्सल ऑफिसातला कारकून, दुसरा किसन मास्तर, तिसरा मिठाईवाला हिरालाल. वर्ग हिरालालच्या दुकानामागं. "आता रशियन येणाऱ्याला मोठ्या नोकऱ्या लागतील," असं मास्तरनं ठासून सांगितलं होतं. कुठं लागतील, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "उस्तादजी, 'कसे आहात' कसं म्हणायचं?"

डोमाजी विचारात पडला. "मले नाई मालूम बापा. तिथं मानसाले कोनी इचारत नोयते. टायर कसे हायत, तेवढं इचारत!"

म्हणून आम्ही आधी टायर शिकलो.

*

मास्तरला नको तिथं प्रश्न विचारायची खोड. डोमाजीच्या घरी, त्याच्या बायकोसमोर, यानं विचारलं, "उस्तादजी, भाषा शिकवली कोणी?"

"मारियानं. छावनीत सैपाक करे. म्हातारी होती."

सोनाबाई चुलीपुढून उठली. "म्हातारी होती, त तिचं नाव घेताना हासून कायले राहिले?"

झालं! दुसऱ्या दिवशी सोनाबाई माहेरी, नवेगावला. डोमाजी आणायला गेला, एकटाच परतला. मग हिरालालकडेच जेवायचा. बोलता बोलता घास हातातच राहायचा. फार वाईट वाटायचं हो बघून.

*

रशियनमध्ये आपल्यासारखीच तीन लिंगं, हे ऐकून मास्तर खूश! हिरालालची बोली हिंदी. त्यानं कपाळावर हात मारला.

"अरे भाई, दो में ही मेरी जान जाती है, ये तीसरा कहाँ से ले आए!"

त्या रागात त्यानं आम्हाला जिलबीसुद्धा दिली नाही.

*

रशियन माणूस चहा पितो तो समोवारातला. मध्ये विस्तव, भोवती पाणी, खाली तोटी. डोमाजी हे सांगत होता आणि मास्तर ओरडला, "अहो, हा तर आमचा न्हाणीतला बंब!"

रविवारी मास्तरच्या घरी बंबात चहा झाला. धुराचा वास, पितळेची चव, पण आम्ही 'स्पासिबा, स्पासिबा' म्हणत प्यायलो. स्पासिबा म्हणजे आभार. बंब धुवायचं मात्र सगळेच विसरलो.

सकाळी मास्तरचे वडील न्हाणीतून बाहेर आले. धोतर तांबूस, जानव्याला चहापत्ती चिकटलेली.

"किसन," ते शांतपणे म्हणाले, "रशियात आंघोळीला दूध वेगळं घेतात का रे?"

*

रशियात प्रवासाला निघताना म्हणे सगळे घडीभर गप्प बसतात आणि मगच उठतात. ही रीत आम्हाला भारी आवडली. हिरालाल भाचीच्या लग्नाला नागपूरला निघाला, तर प्लॅटफॉर्मवर त्याच्या ट्रंकेवर आम्ही चौघं दाटीवाटीनं बसलो. चिडीचूप! गार्डनं शिटी दिली. पण बोलणार कोण? रीत म्हणजे रीत! गाडी हलली. डबे एकेक करून डोळ्यांसमोरून गेले.

मग डोमाजी उठला, हात झटकले आणि म्हणाला, "हं, आता जाय."

*

शेवटी आम्हीच डोमाजीला घेऊन नवेगावला गेलो. अरुंद रुळांच्या छोट्या गाडीनं, पुढं बैलबंडीनं. सासरा भला माणूस, पण हात वर करून मोकळा. "पोरगी नाई म्हनते जवाईबापू. मी का बांधून धाडू तिले?"

सोनाबाई दाराआड. "सैपाकाले मारियेलेच आना म्हना!"

डोमाजी दारापुढं गेला. "म्हातारीच होती व ते. रोटी देताना रोज म्हने, तुई बायको वाट पाहून राहिली असन, जिता घरी जाय. म्हनून तिचं नाव घेतलं की हासू येते मले."

सासरा आत डोकावून आला. नाहीच म्हणून त्यानं मान हलवली. आम्ही गाठोडी उचलली.

"बसा," डोमाजी म्हणाला.

अंगणात आपापल्या गाठोड्यावर आम्ही चौघं बसलो. गप्प.

सोनाबाई दारात आली. "आता काऊन बसून राहिले?"

मास्तरच कुजबुजला, "वहिनी, रीत आहे. निघायच्या आधी सगळ्यांनी घडीभर गप्प बसायचं."

"हे बी मारियेनंच शिकवलं?"

डोमाजीनं खाली बघत मान डोलावली.

ती तरातरा आत गेली. पेटीचं झाकण धाडकन आपटलं. संपलं सगळं, मला वाटलं. डोमाजीकडे बघवेना.

सोनाबाई बाहेर आली ती लुगड्यांचं गाठोडं घेऊन. डोमाजीच्या शेजारी ते ठेवलं आणि त्यावर बसली.

सासरा चक्रावला. "काऊन व सोना, तू..."

"गप बसा न बाबा!"