बिनदुधाची भट्टी

कोपऱ्यावरच्या पिझ्झाच्या दुकानाचा मालक अख्ख्या गल्लीचा मामा होता. खरा मामा एकाच मुलाचा. पण तो भाचा शाळा सुटली की थेट भट्टीपाशी येई, ‘मामा, मामा’ करत पायात पायात करी, आणि ऐकून ऐकून गल्लीच्या तोंडीही तेच बसलं.

भाच्याला दूध चालत नसे. थेंबभर पोटात गेलं तरी घसा सुजे, श्वास कोंडे. मामाला हे त्याच्या आईइतकंच ठाऊक होतं. भाच्याचा बिनचीजचा पिझ्झा तो वेगळ्या ताटात काढी आणि पिझ्झा कापायचं चाकही त्याच्यासाठी वेगळं ठेवी. एका रविवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. गडबडीत मामाने हाताला लागलं ते चाक फिरवलं, नुकतंच चीज कापून ठेवलेलं. पोरगं हॉस्पिटलपर्यंतही पोचलं नाही.

बहीण भांडली नाही. तिने भावाचं नाव टाकलं.

बरेच दिवस दुकानाचं शटर खाली होतं. उघडलं तेव्हा आत दुधाचा अंश नव्हता. लाकडी फळ्या मामाने भट्टीत घातल्या, फ्रिजच्या दाराचं रबर टूथब्रशने घासून काढलं, सगळी चाकं फेकून नवी आणली. चीजच्या जागी तो भिजवलेले काजू वाटून लावू लागला. दुकानात भागीदार असलेला मेहुणा, बायकोचा भाऊ, म्हणाला, “लोक इथे चीज खायला येतात. तुमच्या दुःखाला गिऱ्हाईक नाही.”

“मग तू वेगळं बघ,” मामा म्हणाला. मेहुणा गेला.

जुनी गिऱ्हाइकंही पांगली. ‘मामाने पिझ्झालाच पथ्य लावलंय’ म्हणून हसली. त्यांच्या जागी प्राण्यांच्या कणवेपोटी दूध सोडलेली तरुण मुलं येऊ लागली. “मामा, तुमच्यासारखं काळीज हवं,” ती म्हणत. मामा मान खाली घालून पीठ मळत राही. 

एकदा एक बाई लेकीला घेऊन आली. त्या मुलीलाही दूध वर्ज्य होतं. मामाने बाईला आत नेऊन सगळं दाखवलं. मुलगी खाऊ लागली आणि तो तिच्या टेबलापाशी उभाच राहिला, शेवटचा घास उतरेपर्यंत. भट्टीतले दोन पिझ्झे कोळसा झाले. ही गोष्ट त्या बाईच्या तोंडून फिरत फिरत बहिणीच्या कानावर गेली.

एका दुपारी ती आली. केस पार पांढरे झालेले. मामाकडे न बघता ती आत शिरली, फ्रिज उघडला, खण ओढले, चाक उचलून त्याच्या धारेवरून बोट फिरवलं.

“सगळं काढलंस?”

“सगळं.”

“म्हणजे जमण्यासारखं होतं.” तिने चाक जागेवर ठेवलं. “तो होता तेव्हा का नाही केलंस, दादा?”

 इतक्या वर्षांनी ती दादा म्हणाली होती, तेही यासाठी.

“बसतेस जरा?” त्याने कसंबसं विचारलं.

“नाही.”

ती पुन्हा आली नाही. पुढे गाव सोडून गेल्याचं त्याला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. दुकान चालू आहे. मामा अजून प्रत्येक ऑर्डरीआधी हात धुतो, चाक उजेडात धरून बघतो, आणि समोर लहान मूल असलं की कापायचं काम दुसऱ्याला देतो.