जानरावांची पावणेदहाची घंटा

उंद्रीच्या पलीकडं एक लहानसं गाव आहे. तिथल्या हायस्कुलात जानराव सव्वीस वर्षांपासून शिपाई. वर्ग झाडणं, माठ भरणं, हजेरीपट फिरवणं ही कामं कोणीही करील, पण घंटा त्यांचीच. व्हरांड्यात रुळाचा हातभर तुकडा तारेनं टांगलेला आणि वाजवायला लोखंडी टोला. भिंतीवरच्या घड्याळाकडं न बघता त्यांचा हात टोल्याकडं जायचा. मुख्याध्यापक चंद्रशेखर सर आपलं घड्याळ घंटेवरून लावतात, अशी गावात चेष्टा चालायची.

कोरोनात शाळा बंद झाली आणि घंटाही गप्प झाली. जानराव मात्र घरी बसले नाहीत. सरांनी काढलेले प्रश्नांचे कागद पिशवीत घालून सायकलवर घरोघर पोचवायचे आणि आठवड्यानं पोरांची उत्तरं गोळा करून आणायची, हे काम त्यांनी अंगावर घेतलं. त्यामुळं सरांच्या ध्यानात यायच्या आधीच एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. पंजाबराव आबांची नात मयुरी, मळ्यातल्या घरात राहणारी, आधी चार-चार पानं लिहून द्यायची. मग ती पानं दोन झाली, मग अर्धं, शेवटी सहा ओळी.

"काऊन वं, एवढंच?" त्यांनी एकदा विचारलं.

"येते मले सारं, काका. विचारून पाहा पाह्यजे तर. पण लिहाले बसलं का बोटं अखडतात."

जानरावांनी कागदावरचा एक प्रश्न वाचला. पोरीनं गोठ्याच्या दारात उभ्याउभ्या धडाधड उत्तर सांगितलं. दोन वर्षं पाहणं आणि ऐकणं मोबाईलवर झालं होतं, पेनाची सवय तेवढी सुटली होती.

दोन हजार बावीस साली दहावीची परीक्षा पुन्हा लेखी घ्यायचं ठरलं, तेव्हा बोर्डालाही हे कळलेलं होतं. अभ्यासक्रम पाव हिश्शानं कमी झाला, मोठ्या पेपरला अर्धा तास वाढवून मिळाला आणि परीक्षा ज्याच्या त्याच्या शाळेत ठेवली. एसटीचा संप चालू होता. उंद्रीच्या सेंटरला रोज पोरं न्यायची कशी, या काळजीत बसलेल्या सत्तावीस घरांनी तेव्हा सुटकेचा श्वास टाकला.

आणि नेमका सराव परीक्षेत घोळ झाला. वेळ होती अकरा ते अडीच; एरवी पेपर दोनलाच सुटायचा. दोन वाजले आणि जानरावांचा हात सवयीनं टोल्याकडं गेला. सुटायची लांब घंटा घणघणली. वर्गावरच्या मास्तरांनीही त्याच सवयीनं पेपर गोळा केले. चंद्रशेखर सर धावत बाहेर आले तोवर अर्धी पोरं मैदानात पोचली होती. मयुरी पायरीवर बसली होती, उजव्या हाताची बोटं डाव्या हातानं चोळत.

"निबंध राह्यला, काका. वाढीव अर्ध्या तासाच्या भरवशावर ठेवला व्हता."

सर रागावले नाहीत. "सराव होता म्हणून बरं," एवढंच म्हणाले. रागावले असते तर जानरावांना जेवण तरी गेलं असतं. घरी बायकोनं, विमलबाईंनी, दोनदा ताट पुढं सरकवलं आणि शेवटी म्हणाल्या, "परीक्षेच्या दिवशी तुमचे हातच बांधून ठेवतो मी दोन वाजता."

मग बोर्डाचं वेळापत्रक आलं. साडेदहा ते दोन. जानरावांनी ते बोट ठेवून तीनदा वाचलं. सुटायची वेळ त्यांचीच, दोनची! संध्याकाळी पारावर त्यांनी ही गोष्ट मोठ्या खुशीत सांगितली. पंजाबराव आबा तंबाखू मळत होते.

"दोनले सुटते ना? मंग अकरालेच लागत असीन. बोर्डाचा पेपर माह्या टायमापासून अकरालेच लागते."

"नाही आबा, औंदा साडेदहाले हाय."

"तू शिपाई हायेस का बोर्डाचा साहेब बे?"

सगळे हसले, जानरावही हसले. पण घरी जाताना त्यांनी मनात हिशोब मांडला. वाढीव अर्धा तास या वेळी शेवटी नाही, सुरुवातीला जोडला होता. पोरीला मळ्यातून मोटरसायकलवर आणणार आबा, आणि आबांच्या डोक्यात अकरा. म्हणजे घंटा बरोबर वाजली तरी तिचा तोच अर्धा तास पुन्हा जाणार.

पेपरच्या दिवशी पावणेदहाला त्यांनी पोरं मोजली. सव्वीस. मयुरी नव्हती. आबांचा फोन लागेना. जानराव व्हरांड्यात गेले, टोला उचलला आणि वाजवत सुटले. थांबेचनात. वाटेनं जाणाऱ्या बाया थबकल्या.

चंद्रशेखर सर बाहेर आले. "जानराव, ही कोणती घंटा? ही भिंतीवरच्या घंटांच्या कागदावर नाही."

"कागदावर नाही सर, पण मळ्यात ऐकू जाते."

सरांनी पोरांकडं नजर फिरवली, कोण नाही ते बघितलं आणि आत गेले.

दहा वाजून दहा मिनिटांनी मोटरसायकल फाटकाशी आली. आबांचे पाय पोटरीपर्यंत चिखलानं भरलेले, कांद्याला पाणी देता देता उठलेले. मागं मयुरी, पॅड छातीशी धरून.

"एवढी काऊन बोंबलून राह्यली बे तुही घंटी? कुठी आग लागली का?"

"आग नाही आबा, पेपर लागून राह्यला."

"मी म्हनतच व्हती," मयुरी उतरता उतरता म्हणाली, "पण हे म्हने दोन वाफे राह्यले."

साडेदहाला पेपर सुरू झाला. दर अर्ध्या तासाला एकच टोल. दोन वाजायला आले तेव्हा जानराव टोला हातात धरून उभे होते, पण सरांनी खिडकीतून मान हलवल्याशिवाय त्यांनी तो रुळाला लावला नाही. मग घंटा घणघणली.

पोरं बाहेर आली. मयुरीच्या मधल्या बोटाला शाई लागली होती.

"निबंध?" जानरावांनी विचारलं.

"झाला. वरून पाच मिन्टं उरली."

"मंग काय केलं पाच मिन्टं?"

"बोटं मोडली, अन् तुमच्या घंटीची वाट पाह्यली."

जानरावांनी सकाळपासून तसाच राहिलेला डबा तेव्हा कुठं उघडला. ठेचा-भाकर खाऊन पाणी प्यायले आणि घंटेपाशी आले, तर भिंतीवर चिकटवलेल्या घंटांच्या वेळापत्रकात सगळ्यात वर सरांनी पेनानं एक ओळ वाढवलेली होती : पावणेदहा, मळ्यासाठी.