नाकारता येत नाही

मी ठाण्याच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो आणि राहतो दिव्याला. आमच्या सोसायटीत ए आणि बी अशा दोन विंग. पाण्याची बोंब असल्याने एक दिवस ए विंगला पाणी, दुसऱ्या दिवशी बी विंगला. ते सोडायचं काम बारा वर्षं एकच गृहस्थ करत होते. त्यांना सगळे पंपकाका म्हणत. गेल्या उन्हाळ्यात बी विंगने तक्रार केली, की काका ए विंगला जास्त वेळ पाणी सोडतात, त्यांना काढा. काका आणि ए विंगमधले चेअरमन एकाच तालुक्याचे, एवढा पुरावा बी विंगला पुरेसा होता.

मी म्हटलं, भांडता कशाला, मोजू या. मला कोणी विचारलं नव्हतं. पण आपण शिकवतो ते दिव्यात कुणाच्या उपयोगी पडत नाही, हे माझं जुनं दुःख.

महिनाभर दोन्ही विंगमधल्या एकेका घराने नळ किती मिनिटं चालला ते कॅलेंडरवर लिहिलं. ए विंगची सरासरी तीन मिनिटांनी जास्त निघाली. बी विंग खूश. मी म्हटलं, थांबा. पाणी कधी वीस मिनिटं येतं, कधी पन्नास. एवढी उलथापालथ असेल तर तीन मिनिटांचा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. तसा तो पडलाय का, हे बघायला टी-टेस्ट असते. मी ती केली. तीन मिनिटांत काही दम नव्हता. काका सुटले, या आनंदात मी नोटीस बोर्डावर निष्कर्ष लावला: ‘शून्य परिकल्पना नाकारता येत नाही.’

शून्य परिकल्पना म्हणजे दोन्हीकडे सारखंच पाणी येतं, हे गृहीतक. ते लिहायचं राहिलं. आणि ‘नाकारता येत नाही’ हे शब्द आमच्याकडे लोक पेपरातच वाचतात, घातपाताच्या बातमीत. संध्याकाळपर्यंत बी विंगभर झालं, "सरांनीच लिहिलंय, नाकारता येत नाही म्हणून."

मग सभा झाली. मी पंधरा मिनिटं समजावलं. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "सर, सरळ सांगा ना. दोघांना सारखंच पाणी मिळतं, हे सिद्ध झालं?"

या चाचणीने सारखेपणा सिद्ध होत नाही, फरकाचा पुरावा मिळाला नाही एवढंच म्हणता येतं. हे मी दरवर्षी शिकवतो आणि चुकीचं लिहिणाऱ्यांचे मार्क कापतो. मी म्हटलं, "तसं सिद्ध होत नाही."

त्यानंतर माझं कोणी ऐकलं नाही. हात वर झाले आणि काकांचं काम गेलं. मला माझी लाज वाटली. अजून वाटते.

शेवटच्या दिवशी काका पंपरूमला कुलूप लावत होते. मी माफी मागायला खाली गेलो. त्यांनी आधी कुलूप ओढून बघितलं.

"सर, मी मुद्दाम कमी सोडायचो, असं वाटतं तुम्हाला?"

"अजिबात नाही, काका."

"मग त्या दिवशी तेवढंच बोलायचं होतं ना."